एका नाण्याच्या दोन वाटा

बंगळूरच्या मातीत सापडलेला रोमन ‘देनारियस’, फ्रँकांचा राजा शार्लमेन याचा ‘देनिए’ आणि नाशिक-विदर्भात फिरलेला कृष्णराजाचा ‘रूपक’. तिन्ही नाणी चांदीची, तिन्हींची गोष्ट एकमेकींत गुंतलेली. आणि तिचा शेवट आपल्या देवघरातल्या डब्यात होतो!

समजा, चामराजपेटेतलं एक जुनं मराठी घर आहे. पुढे छोटा ओटा, आत देवघर, देवघरात पितळी डबा. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आजी तो डबा उघडतात. आतून लाल फडक्यात बांधलेली चांदीची नाणी निघतात. काही राणीछाप, काही पंचम जॉर्जची, एकदोन कुणालाच न ओळखता येणारी, वाटाण्याएवढ्या जाडीची, वेडीवाकडी. पाटावर तांदळाच्या राशीत ती मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फडक्यात बांधून ठेवायची.

यंदा मात्र घरात वेगळाच विषय निघालेला असतो. नातीच्या बाळाचं बारसं आहे. सून म्हणते, ‘‘आई, ही नाणी नुसती पडूनच आहेत. सराफाकडे देऊन बाळाला वाटी-चमचा आणि वाळे करून घेऊ या.’’ आजी काही बोलत नाहीत. डबा मांडीवर घेऊन बसून राहतात. वाटी-चमचा हवाच, आणि नाणीही मोडवत नाहीत!

असा प्रसंग अनेक घरांत येतो. आजींचं मन का मोडत नाही, याचं उत्तर शोधायला निघालं की पहिला थांबा चामराजपेटेपासून काही मैलांवरच लागतो.

यशवंतपूरचं मडकं

चामराजपेट १८९२ साली वसली. म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वोडेयार यांचं नाव तिला दिलं गेलं. किल्ल्याजवळची ही आखीव वस्ती, सरळ ‘मेन’ रस्ते आणि त्यांना छेदणारे ‘क्रॉस’ रस्ते. १९१५ साली स्थापन झालेल्या कन्नड साहित्य परिषदेचं ठिकाणही इथलंच. मराठी माणसाचा बंगळूरशी संबंध मात्र याहून कितीतरी जुना. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. पुढे १६८७ साली मोगलांनी ते घेतलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेलं, ते तीन लाख रुपयांना, असं इतिहास सांगतो. अख्खं शहर रुपयांत मोजलं गेलं!

चामराजपेटेची आखणी होण्याच्या अगदी एक वर्ष आधी, १८९१ साली, शहराच्या वायव्येला यशवंतपूरजवळ रेल्वेच्या कामासाठी खोदकाम चाललं होतं. कुदळ एका मातीच्या मडक्यावर आदळली. मडक्यात होती चांदीची १६३ नाणी. त्यांवरचे चेहरे ना वोडेयारांचे, ना टिपूचे, ना विजयनगरच्या रायांचे. ते होते रोमचे सम्राट ऑगस्टस, टायबेरियस आणि क्लॉडियस. म्हणजे नाणी जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची! पुढे १९६५ साली शहराच्या दुसऱ्या टोकाला, विमान कारखान्याच्या परिसरात, अशाच रोमन चांदीच्या नाण्यांचा आणखी एक मोठा साठा मिळाला.

रोमहून बंगळूरला चांदी कशी आली? मिऱ्यांच्या, कापडाच्या, रत्नांच्या आणि हस्तिदंताच्या व्यापारातून. प्लिनी या रोमन लेखकानं पहिल्या शतकात तक्रारच करून ठेवली आहे की, हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. चार सेस्टर्सचा एक देनारियस होई. म्हणजे त्याच्या हिशेबानं सव्वा कोटी चांदीची नाणी! आकडा रागानं फुगवलेला असेल. पण राग खरा होता.

या साठ्यांत आणखी एक गंमत आहे. इसवी सन ६४ च्या सुमारास सम्राट नीरोनं देनारियसचं वजनही घटवलं आणि त्यातली चांदीही कमी केली. भारतात सापडणाऱ्या रोमन चांदीच्या साठ्यांत बहुतेक नाणी नीरोच्या या उद्योगाच्या आधीची आहेत. रोममध्ये सम्राटाचा हुकूम चाले, म्हणून तिथल्या माणसाला हलकं नाणंही घ्यावं लागे. इथल्या व्यापाऱ्यावर सम्राटाचा हुकूम चालत नव्हता. तो नाणं वाजवून पाही, तोलून पाही आणि मगच थैलीत टाकी. ‘खणखणीत नाणं’ हा आपला शब्द अशाच अनुभवातून आलेला. पोतदार, सराफ, टाकसाळे ही आडनावं आपल्याकडे उगीच नाहीत.

पश्चिमेची वाट

रोमच्या देनारियसची पुढे दैना झाली. एकामागून एक सम्राट त्यात तांबं मिसळत गेले आणि तिसऱ्या शतकात त्यात नावापुरतीच चांदी उरली. साम्राज्याचा पश्चिम भाग पाचव्या शतकात कोसळला. आजच्या फ्रान्सच्या आणि जर्मनीच्या पश्चिम भागावर फ्रँक टोळ्यांचं राज्य आलं. ‘फ्रान्स’ हे नावच त्यांच्यावरून पडलं.

सुरुवातीला फ्रँकांनी रोमन पद्धतीची छोटी सोन्याची नाणी पाडली. पण सोनं हळूहळू आटलं. नाण्यांतलं सोनं फिकट होत होत जवळजवळ चांदीच झालं! अखेर इसवी सन ६७० च्या सुमारास त्यांनी सोन्याचा नाद सोडला आणि सरळ चांदीचं नाणं पाडायला सुरुवात केली. त्याला नाव मात्र जुनंच ठेवलं, देनारियस. पुढे फ्रेंचांच्या तोंडी त्याचं ‘देनिए’ झालं. हे नाणं आपल्या आजच्या एक रुपयाच्या नाण्याहून लहान आणि वजनाला एक ग्रॅमच्या थोडं वर.

त्या काळी टांकसाळ राजाच्याच हाती असे असं नाही. शेकडो गावांत नाणी पडत. अनेक नाण्यांवर राजाचं नाव नसेच. असे ते नाणं पाडणाऱ्या कारागिराचं आणि गावाचं. आपल्याकडच्या दागिन्यावर सराफ आपला शिक्का मारतो तसं. नाणं घेणारा राजाला ओळखत नसे, पण त्या कारागिराला ओळखत असे.

ही पद्धत मोडली पेपिन या राजानं आणि त्याहून अधिक त्याच्या मुलानं. हा मुलगा म्हणजेच इतिहासातला शार्लमेन, चार्ल्स द ग्रेट. पेपिननं ७५५ च्या सुमारास नाण्याचं वजन ठरवून दिलं आणि नाणं पाडणाऱ्याचा मेहनतानाही ठरवून दिला. शार्लमेननं ७९३-७९४ मध्ये मोठी सुधारणा केली. नाणं रुंद झालं, वजन सुमारे १.७ ग्रॅमवर गेलं आणि त्यावर राजाच्या नावाची अक्षरं क्रूसाच्या चार टोकांना गुंफून आली. एका पौंड चांदीची २४० नाणी हे प्रमाण पक्कं झालं. बारा देनिएंचा एक सू, वीस सूंचा एक लिव्र.

हे प्रमाण ओळखीचं वाटतं ना? बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड! इंग्रजी अमदानीत शाळेत गेलेल्या पिढीनं ही कोष्टकं घोकून घोकून पाठ केली होती. पेनीसाठी ‘पी’ ऐवजी ‘डी’ हे अक्षर का लिहायचं, हा प्रश्न तेव्हाच्या मुलांना पडत असे. ते ‘डी’ देनारियसचं होतं. शार्लमेनचं हे गणित ब्रिटनमध्ये १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत चालू होतं, म्हणजे जवळजवळ बाराशे वर्षं. आपण त्यांच्या आधीच, १ एप्रिल १९५७ रोजी, रुपया-आणे-पै सोडून शंभर नया पैशांचा रुपया स्वीकारला.

एका नाण्यात बारा भाकऱ्या

नवं नाणं काढणं सोपं. लोकांनी ते घेणं अवघड. ७९४ साली फ्रँकफुर्ट इथं शार्लमेननं धर्मगुरूंची आणि सरदारांची मोठी सभा बोलावली. तिथल्या ठरावांत धर्माच्या गहन प्रश्नांशेजारी भाकरीचा भावही लिहिला आहे. दोन पौंड वजनाच्या गव्हाच्या बारा भाकऱ्या एका देनिएला. राय या धान्याच्या पंधरा, सातूच्या वीस आणि ओटच्या पंचवीस. दुष्काळ असो वा सुकाळ, याहून महाग विकायचं नाही, असा दंडक.

त्याच सभेत आणखी एक ठराव झाला. राजाचं नाव असलेला, शुद्ध चांदीचा आणि पुऱ्या वजनाचा नवा देनिए सर्व बाजारांत चाललाच पाहिजे. जो स्वतंत्र माणूस तो नाकारील, त्यानं राजाला पंधरा सू दंड भरावा. म्हणजे १८० देनिए! गव्हाच्या भाकरीत मोजलं तर २,१६० भाकऱ्या. एवढा जबर दंड ठेवावा लागला, याचाच अर्थ लोक नवं नाणं घ्यायला कां-कूं करत होते. जिनं आयुष्यभर जुनं नाणं ओळखलं, तिला राजाच्या नव्या नाण्याचा भरवसा एका दिवसात कसा वाटावा? बाजारात धान्य घ्यायला आलेल्या बाईची भीती सगळ्या देशांत सारखीच असते. हातातलं नाणं उद्या चाललं नाही तर?

शार्लमेनचं नाणं चाललं, कारण त्यानं चांदीत खोट केली नाही. चांदी येत होती ती मुख्यतः आजच्या फ्रान्सच्या पश्चिमेकडील मेल इथल्या खाणींतून. ऱ्हाइन नदीकाठच्या डोरेस्टाड या व्यापारी गावची नाणी तर दूरदूर गेली. तिथल्या काही नाण्यांवर जहाजाचं चित्र आहे. आयुष्याच्या अखेरीस शार्लमेननं आपला चेहरा असलेली थोडी नाणीही पाडली. डोक्यावर पानांचा मुकुट, खांद्यावर रोमन झगा. रोम कोसळून तीन शतकं लोटली होती, तरी राजाला नाण्यावर दिसायचं होतं रोमन सम्राटासारखंच! त्याचा मुलगा लुई यानं नाण्यावर मंदिरासारखी इमारत आणि ‘ख्रिस्ती धर्म’ ही अक्षरं घातली.

चांगल्या चांदीला मागणी असते, तशीच नजरही लागते. ८४५ साली उत्तरेकडचे व्हायकिंग दर्यावर्दी सीन नदीतून पॅरिसपर्यंत आले. त्यांना परत पाठवायला शार्लमेनच्या नातवाला, राजा चार्ल्सला, सात हजार पौंड चांदी मोजावी लागली. त्याच राजानं ८६४ साली जुनी नाणी माघारी घेऊन सगळी नव्यानं पाडण्याचा हुकूम काढला. नोटा बदलून घेण्याच्या रांगा आपल्याला माहीत आहेत. ती तऱ्हा अकराशे वर्षांहून जुनी आहे.

पूर्वेची वाट

आता आपल्या मुलखाकडे वळू. रोमन चांदी जशी दक्षिणेत उतरली, तशी ती भडोचच्या बंदरातही उतरे. पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशानं लिहिलेल्या प्रवासवर्णनात दोन गोष्टी नोंदल्या आहेत. रोमन नाणी भडोचला फायद्यात बदलून मिळत, आणि जुन्या ग्रीक राजांची ‘द्रख्म’ ही चांदीची नाणी त्या बाजारात अजून चालत.

या ग्रीक द्रख्मच्या नमुन्यावर पश्चिम भारतातल्या क्षत्रप राजांनी आपली नाणी पाडली. त्यांतला नहपान महाराष्ट्राला चांगला ठाऊक आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथं त्याच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसरा ठसा मारलेला आहे. तो ठसा आहे त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीचा. लढाई कोण जिंकलं, हे सांगायला वेगळा शिलालेख कशाला हवा?

नहपानाच्या नाण्यावर कडेनं ग्रीक अक्षरं आहेत. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर ती अक्षरं वाचण्याजोगी राहिली नाहीत. ठसा कोरणाऱ्याला ग्रीक येत नव्हतं. पण ती ‘नक्षी’ नसेल तर लोक नाणं घेणार नाहीत, हे त्याला कळत होतं. असंच तिकडेही घडलं. आठव्या शतकात इंग्लंडमधल्या मर्शियाचा राजा ऑफा यानं बगदादच्या खलिफाच्या दीनाराची नक्कल करून सोन्याचं नाणं पाडलं. मध्ये आपलं नाव रोमन लिपीत आणि भोवती अरबी कलमा! ठसा कोरणाऱ्याला अरबी वाचता येत नव्हतं. लोकांचा विश्वास अक्षरांच्या अर्थावर नसून ओळखीच्या रूपावर असतो, हे मर्शिया आणि भडोच दोन्हीकडच्या टांकसाळी जाणत होत्या.

क्षत्रपांची चांदीची परंपरा पुढे गुप्त राजांनी घेतली, मग नाशिक, कोकण, दक्षिण गुजरात या भागांतल्या त्रैकूटकांनी. आणि सहाव्या शतकाच्या मध्याला ती आली कलचुरी राजा कृष्णराज याच्याकडे.

कृष्णराजाचा रूपक

कृष्णराजाचा काळ साधारण इसवी सन ५५० ते ५७५, राजधानी नर्मदाकाठची माहिष्मती. त्याचा स्वतःचा एकही ताम्रपट वा शिलालेख आपल्या फारसा परिचयाचा नाही. तो ओळखला जातो नाण्यांवरून. नाणं लहान, गोल, सुमारे दोन ग्रॅमचं. एका बाजूला राजाचा उजवीकडे पाहणारा चेहरा, जुन्या क्षत्रप वळणाचा. दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी आणि भोवती ब्राह्मी अक्षरांत राजाचं नाव. तो ‘परममाहेश्वर’, म्हणजे शिवाचा परम भक्त, आणि आईवडिलांच्या चरणांचं ध्यान करणारा. राजानं स्वतःच्या पराक्रमाचं वर्णन केलं नाही. देवाचं आणि मातापित्यांचं नाव घेतलं!

ही नाणी नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात देवळाणे इथं सापडली, मुंबईजवळ साष्टीत सापडली आणि पूर्वेला विदर्भातही सापडली. घारापुरी बेटावरही त्याची नाणी मिळाली आणि तिथल्या भव्य शिवलेण्यांचा काळ ठरवताना अभ्यासकांनी त्या नाण्यांचा आधार घेतला. वाटाण्याएवढं नाणं पहाडाएवढ्या लेण्याची साक्ष देतं, ते असं.

सुरुवातीला विद्वानांचा घोटाळा झाला होता. कृष्णराज म्हणजे आठव्या शतकातला राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, वेरूळचं कैलास ज्याच्या नावाशी जोडलं जातं तो, असं मानलं गेलं. पण नाण्याचं वळण आणि अक्षरं त्याहून जुनी दिसत होती. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरींच्या लेखांचा चिकाटीनं अभ्यास करून ही नाणी कलचुरी कृष्णराजाची असल्याचं दाखवून दिलं. या घराण्याच्या लेखांचा त्यांचा मोठा ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला.

या शोधात निर्णायक ठरले नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरच्या अंजनेरी इथले ताम्रपट. ते भोगशक्ती नावाच्या मांडलिक राजाचे आहेत, साल ७१०-७११. एक उजाड झालेलं नगर पुन्हा वसवताना त्यानं व्यापाऱ्यांना सवलती दिल्या आणि गुन्ह्यांसाठी दंड ठरवले. त्या ताम्रपटांत पैसे मोजले आहेत रूपकांत आणि नाण्याचं नाव आहे ‘कृष्णराज-रूपक’.

जरा हिशेब करून पाहा. कृष्णराज जाऊन तोवर सुमारे सव्वाशे वर्षं झाली होती. त्याच्या नातवाचं, बुद्धराजाचं, राज्य चालुक्यांनी सातव्या शतकाच्या आरंभीच मोडलं होतं. मधे पुलकेशीसारखा बलाढ्य राजा होऊन गेला. तरी नाशिकच्या बाजारात माणसं विचारत होती ती कृष्णराजाच्या रुपयाबद्दल! तो नाकारला तर दंड करायला कुणी कृष्णराज उरला नव्हता. शार्लमेनला आपलं नाणं चालवायला पंधरा सूंची धमकी द्यावी लागली. कृष्णराजाचं नाणं त्याच्यामागेही चालत राहिलं, ते केवळ नाण्यावरच्या भरवशानं.

रूपक, दाम आणि दमडी

या दोन्ही वाटांच्या खुणा आपल्या बोलण्यात रोज उमटतात. रोमन देनारियसचा आपल्याकडे ‘दीनार’ झाला. गुप्तकाळच्या लेखांत तो सोन्याच्या नाण्यासाठी येतो. अरबांनी तोच शब्द उचलला. पोर्तुगीज लोक पैशाला ‘दिन्हैरु’ म्हणतात, स्पॅनिश ‘दिनेरो’ म्हणतात. तीही देनारियसचीच पोरं. ग्रीक द्रख्मचा संस्कृतात ‘द्रम्म’ झाला. कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत द्रम्म येतात. द्रम्मचा झाला ‘दाम’ आणि दामाची धाकटी लेक ‘दमडी’. ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’ असं कुणाला आपण म्हणतो, तेव्हा तोंडी ग्रीक शब्द असतो, हे कुणाच्या ध्यानी येतं?

कृष्णराजानंतरच्या शतकांत आपल्याकडची चांदीची नाणी उतरणीला लागली. इराणच्या ससानी राजांच्या नाण्याची हूणांनी नक्कल केली, त्या नक्कलेची पुढे नक्कल होत गेली. राजाचा चेहरा हळूहळू रेघा आणि ठिपके एवढाच उरला, दुसऱ्या बाजूच्या अग्निकुंडाचं काड्यांचं मखर झालं. लोक या नाण्यांना ‘गधैया’ म्हणू लागले. चेहऱ्यात म्हणे गाढव दिसतं! महाराष्ट्रात ही नाणी पुष्कळ सापडतात. आजींच्या डब्यातल्या न ओळखू येणाऱ्या जाडसर नाण्यांत एखादं असं ‘गाढव’ निघालं तर नवल नको.

चेहऱ्यांत ओळखीचं काही शोधायची आपल्याला सवयच आहे. व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाट नाण्यावर संत आणि तिथला राज्यप्रमुख उभे असत. आपल्या बायकांना त्यांत राम-सीता दिसले. त्या नाण्यांच्या पुतळ्या झाल्या आणि पुतळ्यांची माळ गळ्यात आली. परदेशी नाणं असं आपल्या घरचं झालं.

मूस आणि डबा

आता पुन्हा चामराजपेटेतल्या आजींच्या डब्याकडे येऊ. राणीछाप आणि नंतरचा जुना कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. १९४० साली, महायुद्धाच्या ओढाताणीत, सरकारनं चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. म्हणून सराफ १९४० नंतरचं नाणं हातात घेताच नाक मुरडतो. नीरोच्या देनारियसकडे पाहून दक्षिणेतल्या व्यापाऱ्यानं मुरडलं असेल तसंच.

राणीछाप रुपये लाखोंनी पडले होते. त्यांतले चार मोडून बाळाचे वाळे केले तर इतिहासाचं काही अडत नाही. बाळाच्या पायांत वाजणारी चांदी हाही तिचा चांगलाच उपयोग. प्रश्न आहे तो न ओळखता येणाऱ्या त्या एकदोन नाण्यांचा. मुशीत सगळी चांदी सारखीच वितळते. दोन ग्रॅमच्या कृष्णराज-रूपकाची चांदी फार तर एखाद्या घुंगराला पुरेल. पण शेतात, परड्यात, जुन्या भिंतीत सापडलेली अशी किती नाणी आजवर मुशीत गेली असतील! देवळाण्याची नाणीही गेली असती आणि अंजनेरीचे ताम्रपट कुणी तांब्याच्या भावानं मोडले असते, तर कलचुरी कृष्णराज आपल्याला दिसलाच नसता.

म्हणून घरातला डबा उघडाल तेव्हा एवढं करा. अनोळखी नाणं चिंच, लिंबू, राख किंवा दंतमंजन लावून घासू नका. त्यावरचा काळपट थर झीज थांबवतो आणि घासताना अक्षरं जातात. त्याला भोक पाडू नका, कडी डाखवू नका. प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पुडीत ठेवा आणि पुडीवर लिहा, ते घरात कुठून आलं, कुणी आणलं, कोणत्या गावचं. ही ओळ फार मोलाची, कारण आजी आहेत तोवरच ती लिहिता येते. मग ते नाणं जवळच्या संग्रहालयातल्या किंवा विद्यापीठातल्या जाणकाराला दाखवा. नाशिकजवळ तर १९८० साली नाणेशास्त्राच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि योगायोग असा की, तिचं ठिकाणही अंजनेरीच!

जमिनीत साठा सापडला तर मात्र तो घरी नेऊन वाटून घेण्याची गोष्ट नव्हे. १८७८ च्या कायद्यानुसार तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू असल्यानं १९७२ च्या कायद्यानुसार ते परदेशी नेता येत नाही. परगावच्या नातवाच्या खिशात ‘आठवण’ म्हणून घालून देतानाही हे लक्षात ठेवायला हवं.

आणि त्या घरातल्या बारशाचं काय? सून आणि आजी दोघींच्याही मनासारखं होईल असा मार्ग आहे. राणीछाप रुपयांचे वाळे होऊ द्यावेत. अनोळखी नाणी मात्र पुडीत जावीत, पुडीवर नातीनं आपल्या हातानं आजींचं बोलणं लिहावं आणि पुडी परत त्याच पितळी डब्यात ठेवावी. पुढच्या लक्ष्मीपूजनाला पाटावर ती नाणी मांडली जातील, तेव्हा बाळ रांगत येऊन तांदळाच्या राशीत हात घालेल. त्या मुठीत कुणाचा चेहरा सापडेल, ते सांगणारी एक ओळ तरी घरात असेल.